सिंगापूरच्या चिनी हॉटेलांत जेवायचंय: दोन पक्के शाकाहारी, एक कोळंबीची ॲलर्जी, बाकी सर्वभक्षी

मेथीची_जुडी

दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस सिंगापूरला चाललोय. मुक्काम चायनाटाउन स्टेशनजवळ. माणसं सहा: सासूबाई-सासरे, आम्ही दोघं, नणंद आणि आठ वर्षांचा मुलगा. सासूबाई-सासरे पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. शिवाय कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण बंद. नणंदेला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे, अंगभर गांधी उठतात. आम्ही तिघं सगळं खातो, फक्त बीफ नको.

लिटल इंडियात इडली-डोसा, थाळ्या सगळं मिळतं हे माहीत आहे. तो पर्याय हाताशी आहेच. पण निदान तीन-चार जेवणं तरी खऱ्या चिनी हॉटेलात व्हावीत असं सगळ्यांच्या मनात आहे, सासऱ्यांच्या तर जास्तच. मेन्यू वाचून काय आत आहे ते कसं ओळखायचं? सहा जणांना किती मागवायचं? आणि बिल मेन्यूतल्या भावापेक्षा बरंच जास्त येतं म्हणतात, ते का? "ट्रॅव्हल एजंटला विचारा" सोडून काहीही सांगा.

सोडे_वांगं

ताई, पहिली गोष्ट: "इज इट व्हेज?" हा प्रश्न तिथे विचारूच नका. वेटर "येस, व्हेजिटेबल" म्हणतो, आणि त्याच्या परीने ते खरंच असतं, कारण ताटलीत पालेभाजी आहे. ती कशात परतली, वरून काय ओतलं, हे त्या उत्तरात येत नाही. मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे शाकाहारी, अशी साधी समजूत. म्हणून विचारायचं ते घटकांचं नाव घेऊन, एकेक करून. साध्या चिनी हॉटेलातल्या भाजीत लपणाऱ्या गोष्टी मुख्यतः पाच.

एक, ऑयस्टर सॉस. काइलान, चोय सम, ब्रोकोली, मशरूम, कोणत्याही हिरव्या भाजीवर चमकणारा तपकिरी रस दिसला की तो बहुधा हाच. कालवांचा अर्क. मशरूमपासून केलेला शाकाहारी ऑयस्टर सॉसही असतो, पण साध्या हॉटेलात तो ठेवलेला असेलच असं नाही.

दोन, चिकन पावडर. आपण चिमूटभर साखर घालतो तशी ती घातली जाते, भाजीत, फ्राइड राइसमध्ये, सूपमध्ये. डोळ्यांना दिसत नाही, मेन्यूत लिहिलेली नसते. शाकाहारी माणसाची सगळ्यात जास्त फसगत हिच्यामुळे होते.

तीन, डुकराची चरबी. जुन्या पद्धतीच्या ठेल्यांवर नूडल्स तिच्यातच परततात आणि वर तळलेले कुरकुरीत तुकडे टाकतात. चार क्वे त्याओ म्हणजे तांदळाच्या रुंद नूडल्स. त्यात चरबी, चिनी सॉसेज आणि शिंपल्या तिन्ही असतात. "सॉसेज नको" म्हटल्याने चरबी जात नाही.

चार, सोडे. होय, आपलेच सोडे, सुकवलेली कोळंबी. तिथल्या होक्क्येन बोलीत 'हे-बी'. परतलेल्या फरसबीत, पोपिया नावाच्या मऊ गुंडाळीच्या सारणात, मिरचीच्या तेलात. त्यांचाच भाऊबंद म्हणजे 'बेलाचान', कोळंबी आंबवून केलेली वडी. सांबाल कांगकोंग नावाची भाजी मेन्यूत निरागस दिसते (कांगकोंग म्हणजे पाण्यातली नाळीची भाजी), पण सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या वाटणात, बेलाचान असतंच. रोजाक नावाच्या फळांच्या कोशिंबिरीवरचा काळा सॉसही कोळंबीचाच. फळं म्हणून सासूबाईंपुढे सरकवाल, तर पंचाईत.

पाच, हाडांचा रस्सा. सूप म्हटलं की तो आलाच.

नणंदेसाठी यातला पहिला आणि चौथा मुद्दा जिवाचा. तिने 'एक्स ओ सॉस' हा शब्दही पाठ करावा. त्यात सुकवलेले शिंपले आणि सोडे असतात. आणि 'हार चेओंग गाय' हे तळलेलं चिकन आहे खरं, पण ते कोळंबीच्या आंबवलेल्या पेस्टमध्ये मुरवलेलं असतं. चिकन म्हणून बिनधास्त खाल्लं जातं आणि अर्ध्या तासाने गांधी. तळणाचं तेलही एकच असतं: त्याच कढईत आधी कोळंबी तळलेली असणार. म्हणून तिने तळलेलं टाळून वाफवलेलं किंवा भाजलेलं मागावं, आणि "ॲलर्जी" हा शब्द ठणकावून वापरावा. "आवडत नाही" म्हटलं तर तुकडे वेचून काढतात, "ॲलर्जी" म्हटलं तर आत जाऊन विचारून येतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी पर्समध्ये ठेवा, हॉटेलच्या खोलीत नको.

अंड्याचंही वेगळं विचारा. हॉटप्लेट टोफूतला पिवळसर, नळकांड्याच्या आकाराचा टोफू हा बहुतेक 'एग टोफू' असतो, अंडं घालूनच केलेला. वर खिमा पेरतात तो निराळाच. मापो टोफूतही डुकराचा किंवा बीफचा खिमा असतो. टोफू दिसला म्हणून हायसं वाटून घेऊ नका.

इंग्रजी बहुतेक सगळीकडे चालतं. पण ठेल्यावरचे आजोबा किंवा चीनहून नुकती आलेली मुलगी असेल तर 'वो छ्र सू' (मी शाकाहारी आहे) हे तीन शब्द कामाला येतात. बोलण्यापेक्षा फोनवर चिनी लिपीत लिहून दाखवणं उत्तम, कारण सूर चुकला की अर्थ बदलतो. नणंदेसाठी 'वो द्वेइ श्या ग्वो-मिन', मला कोळंबीची ॲलर्जी आहे. हे दोन्ही निघण्याआधीच चित्र म्हणून फोनमध्ये साठवा. तिथे नेट शोधत बसायला नको.

एकादशी_दुप्पट_खाशी

वरच्या प्रतिसादाला +१. पण सासूबाई-सासऱ्यांसाठी साध्या हॉटेलात एवढी चौकशी करत बसण्यापेक्षा बौद्ध शाकाहारी चिनी हॉटेलातच जा. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच संपतो. चिनी बौद्ध पंथाच्या शाकाहारात कांदा, लसूण, पातीचा कांदा आणि त्यांची सगळी भावकी वर्ज्य असते, म्हणजे चातुर्मासाचा नियम स्वयंपाकघरातच पाळलेला. फक्त दोन गोष्टी विचारायच्या: अंडं आहे का, आणि हल्लीच्या नव्या धाटणीच्या 'व्हीगन' हॉटेलात कांदा-लसूण आहे का. व्हीगन म्हणजे बौद्ध नव्हे. तिथे लसूण सढळ हाताने घालतात.

जागा: मिडल रोडवरचं फॉर्च्यून सेंटर. जुनी इमारत आहे, बाहेरून काही वाटत नाही, आत शाकाहारी खाण्याची एकाहून अधिक दुकानं. चायनाटाउनहून डाउनटाउन लाइन, म्हणजे निळी, पकडा. फोर्ट कॅनिंगनंतरचं बेनकूलेन, दुसरंच स्टेशन. तिथून चालत. शेजारच्या वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिम या करुणेच्या देवीचं गजबजलेलं देऊळ आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं देऊळ. चिनी भाविक दोन्हीकडे उदबत्ती लावतात. आधी दर्शन, मग जेवण, सासूबाई खूश.

इथला एक बारकावा. चिनी महिन्याच्या १ आणि १५ तारखेला बरेच लोक शाकाहार पाळतात; म्हणजे साधारण आपली अमावस्या आणि पौर्णिमा. त्या दोन दिवशी शाकाहारी हॉटेलांत दुपारी पाय ठेवायला जागा नसते. लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली तारीख येते, तेव्हा तुमच्या पाच दिवसांत हे येणारच. त्या दिवशी साडेअकराला जा, नाहीतर दोननंतर.

मेन्यूत 'मटण', 'चार स्यू' (डुकराचं भाजलेलं मांस), 'फिश', 'गूज' असे शब्द दिसतील. दचकू नका. सगळं गव्हाच्या चिकातून आणि सोयापासून केलेलं असतं, 'मासा' म्हणून येतो तो टोफूच्या सालीचा थर, वर माशाच्या कातडीसारखी समुद्री शेवाळाची पट्टी. रूप मात्र इतकं हुबेहूब असतं की पक्क्या शाकाहारी माणसाला घास उचलवत नाही. तेव्हा ज्येष्ठांसाठी हे मागवूच नका. मशरूम, टोफू, कमळकाकडी, रताळ्याची पानं आणि लोहान चाय मागवा. लोहान चाय म्हणजे कोबी, काळे मशरूम, टोफूची साल आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया यांची ओलसर मिसळभाजी, भाताबरोबर छान जाते. नकली मांसात कधी कधी अंड्याचा पांढरा भाग चिकटपणासाठी घातलेला असतो, हे दुसरं कारण.

सकाळसाठी: फूड सेंटरमधला 'व्हेजिटेरियन बी हून' लिहिलेला ठेला. तांदळाच्या बारीक शेवया परतलेल्या, वर कोबी, तळलेली टोफूची साल, काचेमागची हवी ती गोष्ट बोटाने दाखवायची. चार-पाच डॉलरमध्ये एकाचं पोट भरतं. हे ठेले भल्या सकाळी उघडतात आणि दुपारी एक-दीडला आवरतात, उशिरा उठून गेलात तर रिकामे ट्रे बघून परत.

हिशेबनीस

बिलाचं मी सांगतो. मेन्यूत भावापुढे दोन अधिकची चिन्हं असतात, '++' अशी. पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सेवाशुल्क, दुसरं म्हणजे जीएसटी, १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के. लोक १९ टक्के धरतात, पण जीएसटी सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो, म्हणून प्रत्यक्षात १९.९ टक्के. सरळ पाचवा हिस्सा वाढवून धरा.

पण खरी गंमत त्याआधी होते. तुम्ही बसता, कोणी न मागता चहाची किटली, उकडलेल्या शेंगदाण्यांच्या नाहीतर लोणच्याच्या दोन वाट्या आणि प्लॅस्टिकमधले ओले टॉवेल टेबलावर येतात. पाहुणचार नव्हे तो. प्रत्येकाचे पैसे लागतात. उदाहरण म्हणून सहा जणांचा हिशोब: पदार्थ मिळून १२७ डॉलर, चहा माणशी २ प्रमाणे १२, शेंगदाण्यांच्या दोन वाट्या ८, टॉवेल सहा × ५० सेंट = ३. झाले १५०. त्यावर सेवाशुल्क १५, एकूण १६५. त्यावर जीएसटी १४.८५. हातात येतं १७९.८५. मेन्यूवरच्या १२७ चे जवळजवळ १८०.

उपाय सोपा: बसल्या बसल्या शेंगदाणे आणि टॉवेल "नो, थँक यू" म्हणून परत करायचे. टॉवेल फोडला की तुमचा. कोणी वाईट मानत नाही, तिथले लोकही करतात. चहा मात्र घ्या, तेलकट जेवणावर तो हवाच, आणि किटलीत गरम पाणी पुन्हा पुन्हा भरून देतात. झाकण थोडं सरकवून ठेवलं की वेटरला कळतं. साध्या पाण्याचेही काही ठिकाणी पैसे लावतात. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटल्या भरून ठेवा. टीप देण्याची पद्धत नाही, सेवाशुल्कात ती आली.

फूड सेंटरमध्ये, म्हणजे ठेल्यांच्या बाजारात, यातलं काहीच नाही. पाटीवरचा भाव तोच अंतिम. फक्त २, ५ आणि १० च्या नोटा खिशात असू द्या; परदेशी कार्ड प्रत्येक ठेल्यावर चालत नाही.

आता खेकडा आणि मासा, कारण खिशाला खरा चिमटा तिथे बसतो. मेन्यूत भावाच्या जागी 'सीझनल प्राइस' लिहिलेलं असतं. चिली क्रॅब किलोवर विकतात, नामांकित ठिकाणी किलोला १०० डॉलरच्या आसपास किंवा वर. एक खेकडा साधारण किलोभराचा. तुमच्यात खेकडा खाणारे तिघंच, त्यातला एक आठ वर्षांचा, तेव्हा एकच पुरे. वेटर "टू क्रॅब्स?" असंच विचारणार. मासा त्याहून फसवा, कारण त्याचा भाव १०० ग्रॅमला असतो. '९ डॉलर' वाचून स्वस्त वाटतं, मासा निघतो ९०० ग्रॅमचा, झाले ८१, वर '++', म्हणजे ९७. जिवंत मासा टाकीतून काढण्याआधी तीन प्रश्न: किलोचा भाव की १०० ग्रॅमचा, वजन किती भरलं, एकूण किती होईल. आकडा कागदावर लिहून घ्या. चांगली हॉटेलं स्वतःहून वजन दाखवतात. जिथे टाळाटाळ होते तिथे साध्या डिश मागवून जेवा.

चिली क्रॅबबद्दल मुलाला सांगून ठेवा: नावात चिली असली तरी सॉस गोडसर, टोमॅटो आणि अंड्याचा, आपल्या कोल्हापुरी जिभेला तिखट वाटणारच नाही. १९५६ मध्ये चेर याम तियान या बाईंनी हातगाडीवर सुरू केलेला पदार्थ हा. तळलेले मान्तोउ, म्हणजे छोटे गोडसर पाव, वेगळे मागवावे लागतात. खेकड्याइतकंच सॉसमध्ये बुडवलेल्या पावाला महत्त्व आहे, माझ्या मते जास्तच. नणंदेच्या समोरून मात्र ते ताट लांब ठेवा, फोडताना सॉस उडतो.

मेथीची_जुडी

बाप रे, टॉवेलचं कोणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका. मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये हायनानीज चिकन राइस घ्यायचाच आहे. तिथे सासू-सासऱ्यांना नुसता भात आणि काकडी दिली तर? आणि दुसरं, हॉटपॉटमध्ये (टेबलावरच उकळत्या रश्श्यात आपण भाज्या-मांस शिजवून खायचं) प्रत्येकाला आपापलं भांडं मिळतं म्हणे, तर एकाच टेबलावर सगळ्यांची सोय होईल ना?

सोडे_वांगं

चिकन राइसमधला भात नाही, अजिबात नाही! त्या पदार्थाचा जीव भातातच आहे: तांदूळ आधी कोंबडीच्या चरबीत आलं-लसणीबरोबर परततात आणि मग कोंबडी उकडलेल्या पाण्यात शिजवतात. तुकडा नसला तरी तो भात कोंबडीचाच. फूड सेंटरमध्ये त्यांच्यासाठी वेगळा शाकाहारी ठेला शोधा आणि एकाच टेबलावर बसा, ठेले वेगळे असले तरी बसायची जागा सामायिक असते. मॅक्सवेलमधल्या सगळ्यात प्रसिद्ध चिकन राइसवाल्याची सुट्टी सोमवारी असते, तो दिवस टाळा.

हॉटपॉटचं अर्धं खरं. स्वतंत्र भांडी देणारी हॉटेलं आहेत, तिथे बसा. मधे पडदा घातलेलं एकच मोठं भांडं असेल तर उकळताना रस्सा इकडून तिकडे उडतो आणि चमचे फिरतात. रस्सा निवडताना: 'मशरूम' आणि 'टोमॅटो' ही नावं शाकाहारी वाटतात, पण पुष्कळदा मूळ रस्सा कोंबडीचा किंवा हाडांचा असतो, त्यात टोमॅटो. विचारूनच घ्या, काहीच खात्रीचं नसेल तर साधं गरम पाणी मागा, ते मिळतं. त्यात मशरूम, टोफू, कमळकाकडी, पालेभाज्या, मक्याचे तुकडे टाकले की दहा मिनिटांत बरा रस्सा तयार होतो. फिश बॉल, क्रॅब स्टिक त्या भांड्यात जाऊ देऊ नका.

तुम्हा बीफ न खाणाऱ्यांसाठी: लाल, झणझणीत 'माला' रस्सा पारंपरिक पद्धतीत बीफच्या चरबीत बनवतात. तो लाल तवंग तेलाचा नसून चरबीचा असतो. 'न्यो-योउ' हा शब्द विचारा, म्हणजे बीफची चरबी. वनस्पती तेलातला मालाही मिळतो. माला श्यांग ग्वो या परतलेल्या प्रकारात तोच प्रश्न. शिवाय तिथे कच्चा माल तुम्ही वाडग्यात भरता आणि १०० ग्रॅमच्या भावाने वजन होतं, मांसाचा दर वेगळा, भाजीचा वेगळा. कोबी-मशरूम पाण्याने जड असतात. हावरटपणे भरलं की दोघांचं ३० डॉलर सहज.

मालाचा 'मा' म्हणजे जिभेला येणारी झिणझिणी. तिखटपणा 'ला' मध्ये. ती झिणझिणी ज्या सेचुआन मिरीची, ती आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. बांगड्याच्या तिरफळी कालवणाची सवय असेल त्याला ती चव ओळखीची वाटेल. मुलासाठी सगळ्यात कमी तिखट सांगा, तरी जपूनच.

पेजपाणी

ज्येष्ठ मंडळींसाठी एक गोष्ट कोणी लिहिली नाही: तेओच्यू, म्हणजे दक्षिण चीनमधल्या एका समाजाच्या, पद्धतीची पेज. तेओच्यू पेजेत तांदळाचा दाणा अख्खा, वर पाणी, मीठही नाही, हुबेहूब आपली उकड्या तांदळाची पेज. नुसता तांदूळ आणि पाणी. बरोबरची तोंडीलावणी वेगळी निवडायची: शिजवलेले शेंगदाणे, खारवलेली मोहरीची पानं, टोफू. खारवलेल्या मुळ्याचा ऑम्लेट-प्रकार सोडून. खारवलेल्या पानांत डुकराचं मांस टाकून शिजवण्याची रीत आहे, तेवढं विचारा.

कँटनी पेज वेगळी. ती घोटून घोटून खिरीसारखी गुळगुळीत करतात आणि हाडांच्या किंवा सुकवलेल्या शिंपल्यांच्या रश्श्यात शिजवतात. 'प्लेन' म्हणून मागवली तरी रस्सा आत असू शकतो. दोन्हीला इंग्रजीत 'पॉरिज' म्हणतात, तिथेच घोळ होतो.

गोड: तौ हुए, सोयाच्या दुधाचं गरम मऊ दही, वर साखरेचा पाक. अंडं नाही, मांस नाही, दातांना त्रास नाही. 'ओर नी' नावाचा अळकुडीचा गोड लगदा मात्र जुन्या रीतीने डुकराच्या चरबीत घोटतात. टोस्टवरच्या 'काया' जॅममध्ये अंडं असतं.

नाक्यावरचा_मंचुरियन

मंचुरियन मिळेल का तिथे? मुलगा विचारणारच. 😀

हिशेबनीस

चिनी हॉटेलात नाही. चिकन मंचुरियन मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवलं. 'शेझवान' चटणी मागितलीत तर वेटर गोंधळेल. मुलाला अंड्याचा फ्राइड राइस (डुकराचं सॉसेज नको असेल तर आधी सांगा) किंवा आंबट-गोड चिकन.

एकादशी_दुप्पट_खाशी

मुलाचा आणखी एक विषय, डिमसम, म्हणजे टोपल्यांतून येणारे छोटे, बहुतेक वाफवलेले पदार्थ. ही न्याहारी-दुपारची गोष्ट, बऱ्याच ठिकाणी तीनच्या सुमारास बंद. टेबलावर छापील कागद आणि पेन्सिल असते, पदार्थापुढे खूण नाही, आकडा लिहायचा. एका टोपलीत तीन किंवा चार नग असतात. चौघं खाणारे आणि टोपलीत तीन, म्हणून लोक दोन मागवतात आणि दोन नग उरतात. त्यापेक्षा जास्त प्रकार, एकेक टोपली. एकदम सगळं लिहून देऊ नका, सगळ्या टोपल्या पाच मिनिटांत येतात आणि गार होतात. आधी पाच-सहा, मग पुन्हा.

नणंदेसाठी: हार गाव म्हणजे कोळंबीच. स्यू माय डुकराच्या मांसाचे म्हणून सांगतात, पण त्यातही कोळंबी मिसळलेली असते. तिला चार स्यू बाओ आणि चिकटभाताची लो माय गाय ठीक, पण लो माय गायमध्ये सोडे घालतात काहीजण आणि दोन्हींत ऑयस्टर सॉस असू शकतो, विचारा. मुलाला ल्यू शा बाओ देताना तो आधी फोडून दोन मिनिटं ठेवा. आत खारवलेल्या अंड्याचं वितळलेलं सारण असतं, बाहेरून पाव कोमट आणि आत लाव्हा, टाळू भाजते. सासूबाई-सासऱ्यांना साध्या डिमसमच्या हॉटेलात काही खास मिळणार नाही; लाल चवळीच्या सारणाच्या पावातही पिठात चरबी असू शकते. त्या सकाळी त्यांचा बी हून आधी आटपा आणि त्यांना चहाला बरोबर घ्या.

सोडे_वांगं

किती मागवायचं, हे राहिलं. बहुतेक ठिकाणी स्मॉल, मीडियम, लार्ज असे तीन आकार. स्मॉल दोन-तीन जणांना. तुम्ही चौघं मांसाहारी: स्मॉलच्या तीन डिश आणि एक भाजी. दोघं शाकाहारी: स्मॉलच्या दोन, ऑयस्टर सॉस आणि चिकन पावडर वगळून, लसूण वगळून. भात प्रत्येकी वाटीने. 'शाओशिंग' दारू परतताना शिंपडतात. सासऱ्यांना चालत नसेल तर तीही वगळायला सांगा.

भात लवकर हवा हे स्पष्ट सांगा, "राइस टुगेदर". तिथे जे आधी शिजेल ते आधी येतं, आपल्यासारखं ताट वाढून येत नाही. फिरत्या चकतीवर सगळं ठेवलं की चमचे मिसळतात, म्हणून शाकाहारी ताटल्या चकतीवर ठेवूच नका, थेट त्या दोघांपुढे. आणि गल्लीत मेन्यू हातात घेऊन "कम, कम" करणाऱ्यांकडे न बसलेलं बरं.

पेजपाणी

टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा 'चोप' झालेली, म्हणजे कोणीतरी राखलेली. उचलू नका. गर्दीत तुम्हीही तेच करा, सासऱ्यांना बसवून ठेवायची गरज नाही. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. सप्टेंबर २०२१ पासून फूड सेंटरमध्ये ते सक्तीचं आहे, पहिल्यांदा लेखी समज, नंतर दंड. ट्रे ठेवायच्या जागा दोन असतात, हलाल आणि बिगरहलाल. ज्या ठेल्यावरून घेतलं त्याप्रमाणे ठेवा.

उरलं तर 'ता-पाव' म्हणा, पार्सल बांधून देतात, डब्याचे वीस-तीस सेंट लागतात. मेट्रोत मात्र तो डबा उघडायचा नाही. पाण्याचा घोटही चालत नाही तिथे.

मेथीची_जुडी

सगळं वहीत उतरवून घेतलं. सासऱ्यांनी तेओच्यू पेज वाचून तीन वेळा "कुठे मिळेल" विचारलंय, खेकड्याचं कोणी नावही काढलेलं नाही. पहिल्या दिवशी फॉर्च्यून सेंटर, दुसऱ्या दिवशी मॅक्सवेल (सोमवार नाही, पाहिलं), हॉटपॉट चौथ्या दिवशी. नणंदेची वाक्यं फोनमध्ये चित्र म्हणून साठवली, सासूबाईंच्या फोनमध्येही.